इंदिराबाईंच्या घरची जागा

चोपड्याजवळच्या त्या गावात पहिली केळी लावली झिपरू पाटलांनी. त्यांचे चिरंजीव चुडामण यांनी साऱ्या भाऊबंदांची कुलदेवी कानबाई एका चौरंगावर आणली. चुडामणांचे भिकन, आणि भिकनचा एकुलता मुलगा रविंद्र. तो दीपनगरच्या वीजकेंद्राच्या वसाहतीत नोकरीला गेला, तरी श्रावणात कानबाईसाठी सहकुटुंब गावी येणे त्याने कधी चुकवले नाही. यंदा मात्र देवीसमोरच त्याची मान खाली गेली.

रविवारी देवी बसली. जागरणात गाणी रंगली आणि भाऊबंदांतल्या वृद्ध इंदिराबाईंच्या अंगात आले. केस सुटले, पदर ढळला. अशा वेळी घरची माणसे टक लावून पाहत नाहीत. बायका पुढे होऊन पदर सावरतात, आणि सकाळी त्याविषयी कुणी चकार शब्द काढत नाही. रविंद्रच्या पंधरा वर्षांच्या मुलीने, डिंपलने, मात्र ते सारे मोबाईलवर टिपले आणि त्याची रील टाकली. आपली देवी मैत्रिणींना दाखवावी, याहून अधिक तिच्या मनात काही नव्हते. पण धुळ्याच्या कुणा मुलाने ती उचलून तिला उडत्या चालीचे गाणे जोडले. सोमवारी विसर्जनाचे वाजंत्री दारात येईपर्यंत अर्धा तालुका त्या वृद्धेला हसत होता.

इंदिराबाईंनी घराला आतून कडी लावली. निरोपाची गाणी त्यांनाच येत. त्यांच्या गळ्यावाचून देवी कधी उठली नव्हती. वाजंत्री खोळंबले.

तोडगा काढायला भाऊबंद मंडपात सतरंजीवर बसले. प्रत्येक घरचा एक पुरुष आपापल्या ठरल्या जागी. इंदिराबाई विधवा, पोटी मूलबाळ नाही. त्यांच्या घरची जागा तेवढी मोकळी होती.

वडीलधारे पुना आबा म्हणाले, “सोळाच्या आत एकाही पोरीच्या हाती मोबाईल दिसता कामा नये. डिंपल लहान शे. बठ्ठा दोष त्या डबड्याना शे.”

“आबा, तुम्हीच सकाळी ते दोनदा पाहिलं. आवाज माझ्या ओट्यापर्यंत येत होता,” आबांच्या शेजारचा जितेंद्र खवचटपणे म्हणाला.

“पहिल्यांदा चष्मा नव्हता डोळ्यावर!”

चार जण हसले. रविंद्रला हायसे वाटले. दोष मोबाईलवर गेला म्हणजे मुलगी सुटली. तो म्हणाला, “मला मान्य आहे. मुळात त्या ॲपवाल्या लोकांनी एवढ्या लहान मुलांना आत घ्यायलाच नको होतं.”

“ते घेत नव्हते, पप्पा.” बायकांमधून डिंपलचा रडवेला आवाज आला. “मी पाचवीत होते. खातं उघडताना जन्मसाल तुम्ही मागचं टाकलंत, तेव्हा घेतलं. म्हणालात, सगळ्यांच्या मुली आहेत तिथे.”

रविंद्रची नजर त्या मोकळ्या जागेवर गेली. तो जन्मला तेव्हा त्याची आई जळगावला दवाखान्यात मरणाशी झुंजत होती. त्याच आठवड्यात इंदिराबाईंचे तान्हे बाळ गेले होते. त्या माउलीने डोळे पुसले आणि भिकनचे पोर छातीशी घेतले. पुढे या उपकाराचा उच्चारही कधी केला नाही. भिकनने शेवटच्या दुखण्यात मुलाला सांगितले होते, “तिचं देणं माझ्याच्याने फिटलं नाही. ते आता तुझ्यावर आहे.”

रविंद्र उठला आणि त्या मोकळ्या जागी जाऊन बसला.

“रवी, ती तुनी जागा नही,” आबा चपापले. “समोर तुनी पोर उभी शे. तू कोनाकडथीन बोली ऱ्हायना?”

“इंदिराबाईंकडून. मी त्यांचं दूध प्यालो आहे, म्हणजे त्यांचा मुलगाच.” तो साऱ्यांकडे वळला. “माझ्या आईची अब्रू चव्हाट्यावर गेली. डिंपलने न विचारता टिपलं, हा तिचा दोष. तिच्या बापाने खोटं साल घातलं, हा त्याहून मोठा. आणि तुम्ही पाहिलंत, हसलात, पुढे पाठवलंत. सोळाच्या आत बंदी जरूर घाला, पण मुलग्यांवरही घाला. सुरुवात माझ्या घरापासून. मात्र बंदी घातली म्हणून कुणी हात झटकून उठायचं नाही. आधी त्या दाराशी चला.”

“पप्पा, तुम्ही माझ्या बाजूने नाही?” डिंपलने विचारले.

“तुझा बाप आहेच मी, बेटा. पण त्यांच्या बाजूने कुणीच नव्हतं.”

डिंपलने सर्वांदेखत आपले खाते बंद केले, मोबाईल वडिलांच्या हाती दिला आणि सर्वांच्या पुढे चालू लागली. मागोमाग आबाही काठी टेकत निघाले.

“आजी,” बंद दाराला कपाळ लावून ती म्हणाली, “मी तुम्हाला विचारलं नाही. चुकले मी. जे पसरलं ते मला परत आणता येत नाही. पण कुणी हसलं, तर तुमच्या शेजारी मी उभी राहीन.”

मग कडी वाजली. मंडप भिंतीलाच लागून होता; इंदिराबाईंनी शब्दन् शब्द ऐकला होता. त्यांनी डोक्यावरचा पदर नीट केला, डिंपलचा हात धरला आणि रविंद्रसमोर येऊन थांबल्या.

“मन्हा दूधना पांग फिटी ग्यात, रवी,” त्या म्हणाल्या. “आते काहीच बाकी नही.”