निंबा मास्तरांचा पुरावा

धुळ्याच्या मंडळीत नाताळानंतरच्या मेळाव्याला जेवणावर वादसभा होत असे. भरीत-भाकरी पोटात गेली की मंडपात एका अंगाला पुरुष, दुसऱ्या अंगाला बाया बसत आणि पाळक एक प्रश्न टाकत. अठ्ठ्याऐंशी सालचा प्रश्न होता: माणसाचं सगळं देवानं जन्माआधीच ठरवलेलं असतं का?

निंबा मास्तर दरवर्षी दोंडाईच्याहून येत, मागे बसत आणि काय बोलायला हवं होतं ते परतीच्या गाडीत मनाशी बोलत. यंदा मात्र त्यांनी आपणहून नाव दिलं. सकाळच्या उपदेशात नवे पाळक म्हणाले होते, माणसं आपल्या चुका देवाच्या माथी मारतात. तेव्हापासून मास्तरांच्या जिवाला चैन नव्हतं.

त्यांचं लग्नच एका चुकीवर उभं होतं. एक्कावन्न साली ते चुलतभाऊ लोटनबरोबर इथल्या मुलींच्या बोर्डिंगात आले होते. मुलगी बघायची होती लोटनला. हे नुसते सोबतीला. रीत अशी, की मुलीनं व्हरांड्यात चहा द्यायचा, पाहुणे गेल्यावर बोर्डिंगच्या मोठ्या बाई तिचं मन विचारणार आणि उत्तर पत्रानं कळवणार. आठवड्यानं होकाराचं पत्र आलं ते निंबाच्या नावानं. मोठ्या बाईंनी नावांची अदलाबदल केली, हे मास्तरांनी तेव्हाच ताडलं. बोलायचा धीर झाला नाही, आणि खरं तर बोलावंसंही वाटलं नाही. बायकोला, बेबाबाईला, त्यांनी सदतीस वर्षांत काही विचारलं नाही. देवानंच घडवलेली चूक असेल तर ठीक. नुसतीच चूक असेल, तर एका बाईचं आयुष्य आपल्यापायी वाया गेलं.

मास्तर उभे राहिले. हातातला कागद त्यांनी घडी करून खिशात घातला, आणि मग त्यावर काय लिहिलं होतं तेच आठवेना. जन्माआधी आत्मे देवाजवळ असतात, तिथेच त्यांच्या जोड्या लागतात, असं काहीतरी ते बोलले. ख्रिस्ती मंडळीनं ते मत शेकडो वर्षांपूर्वीच नाकारलंय, असं पाळकांनी हळुवारपणे सांगितलं. पुढच्या रांगेतून लोटनभाऊंनी विचारलं, सगळं ठरलेलंच असेल तर आजचं भरीत खारट कोणी केलं? मंडप हसला.

मग मास्तरांनी आपला एकुलता पुरावा मांडला. व्हरांडा, चहा, पत्र, सगळं. ज्या लग्नात कुणाही माणसाची इच्छा नव्हती ते देवानंच ठरवलेलं असणार, एवढं म्हणून ते घाम पुसू लागले.

बायांच्या बाजूनं बेबाबाई उठल्या आणि घरच्या अहिराणीतच बोलून गेल्या.

"चूक नही व्हती ती. मोठ्या बाईले मीच सांगेल व्हतं. सोबतले जो येल शे, त्याले हो सांगा."

मास्तरांनी लोटनभाऊंकडे पाहिलं.

"मला नकाराची वेगळी चिठ्ठी आली होती," लोटनभाऊ म्हणाले. "ती काय गावभर वाचून दाखवू?"

हसणं ओसरेपर्यंत बेबाबाई उभ्याच होत्या. मग त्यांनी सांगितलं की त्या दिवशी ह्यांच्या कपात माशी पडली होती. चहा देऊन झाल्यावर त्यांना ती दिसली. आता मोठ्या बाई सगळ्यांसमोर रागावणार, असं त्यांना वाटलं. पण हा माणूस काही न बोलता सगळा चहा प्याला. त्यांचं तिथेच ठरलं.

मास्तर गप्प राहिले असते तर चाललं असतं, पण ते त्यांना जमेना.

"मला माशी दिसलीच नव्हती," ते पुटपुटले.

"ते मला लग्नानंतर महिन्याभरात कळलं," बेबाबाई म्हणाल्या. "तुम्हाला डाळीतला खडा दिसत नाही, माशी कुठून दिसणार? तरी मी राहिले ना? मला कोणी बांधून ठेवलं होतं?"

पाळकांनी हसू आवरत विचारलं, मास्तर, तुमचा मुद्दा मागे घेताय का?

"घेतो," मास्तर म्हणाले. "हरलो म्हणून लिहा. ठळक लिहा."

"थांबा," लोटनभाऊ म्हणाले. "आधी माशी कोणी धाडली ते ठरू द्या."

पाळकांची लेखणी थबकली. पुन्हा दोन्ही बाजूंनी कल्ला झाला. मास्तरांना त्यातलं काही ऐकू आलं नाही. चष्म्याआडून ते समोर बघत होते. बेबाबाई पदर सावरून खाली बसल्या होत्या, शेजारणीला काहीतरी सांगत होत्या आणि साठीला आलेल्या त्या बाईचे कान लालबुंद झाले होते.