ताटीमागची भिंत

ज्याने आपले वाईट केले त्याचे वाईट करण्याची संधी चालून आली असता हात आवरणे, हे मोठमोठ्या ज्ञात्यांनाही साधलेले नाही. मग ते एका गवळणीला साधावे अशी अपेक्षा आपण कोणत्या तोंडाने करावी? शिवाय त्या सूडात सत्यही तिच्याच बाजूला होते. मनुष्याची खरी परीक्षा होते ती अशाच वेळी, कारण खोट्याचा सूड घेताना मन निदान कचरते तरी. खऱ्याचा घेताना तेही होत नाही.

"बसा शेट. भाड्याची खोली हाय म्हनं ही. बसून तर बघा," कस्तुराबाई म्हणाली.

श्रावणातली दुपार होती आणि घाटमाथ्यावर पाऊस असा कोसळत होता की समोरचा रस्ता दिसत नव्हता. लोणावळ्याहून वलवणच्या धरणाकडे जाणाऱ्या वाटेवर त्या काळी एक लहानशी पेठ होती. तिथल्या घरपट्टी कमिटीचे चार सभासद आणि त्यांचा कारकून कस्तुराबाईच्या पडवीत दाटीवाटीने उभे होते. पडवीत एका अंगाला सरपण रचलेले होते आणि दुसऱ्या अंगाला म्हशीचे रेडकू बांधलेले होते. कमिटीचे अध्यक्ष राजमहंमदशेट हे इमारती लाकडाचे व्यापारी, वयस्क आणि न्यायी गृहस्थ. ते अंगरखा सावरीत घोंगडीवर टेकले. रेडकाने त्यांची बाही चाटावयास प्रारंभ केला.

तंटा होता तो एका ताटीचा. त्या मुलखात पाऊस आडवा येतो आणि मातीच्या भिंती धुऊन नेतो. म्हणून मृगापूर्वी प्रत्येक घर आपल्या पडवीला बाहेरून पेंढ्याची ताटी बांधून घेई आणि दिवाळीला ती सोडी. गेल्या पावसाळ्यात परगावाहून आलेल्या एका नव्या कारकुनाने घरांची मोजणी केली, तेव्हा ही ताटी पाहून त्याने उघडी पडवी बंद खोली म्हणून नोंदविली. चूक अज्ञानाची होती. तिच्यावर दुष्टपणाची मोहोर उमटवली ती कमिटीचा सभासद आणि कस्तुराबाईचा शेजारी रखमाजी याने.

कारण जुने होते. कस्तुराबाईचा नवरा मारुती रेल्वेत गँगमन होता. तो घाटात दरड कोसळून वारला, तेव्हापासून ती दोन म्हशींच्या दुधावर बंगलेवाल्यांचे रतीब घालून एकटी राहत होती. रखमाजीने तिच्या परसातून आपल्या गाडीला वाट मागितली. तिने दिली नाही. मग मोजणीवरच्या हरकती ऐकण्याच्या दिवशी तिने पडवीचा खुलासा करताच, चावडीत भरल्या लोकांदेखत रखमाजी म्हणाला, "खोलीच हाय ती. भाड्यानं देती. कुनाला आन कशाला, त्ये मला इचारू नगा."

लोक हसले. कस्तुराबाई हसणाऱ्यांकडे न पाहता खाली उतरली. पट्टी दुपटीवर गेली. ती भागवायची तर एक म्हैस विकावी लागणार होती. न भागविली तर घरावर जप्ती येणार होती, आणि ते घर कोण घेणार हे पेठेतल्या पोरालाही ठाऊक होते. परंतु तिच्या काळजात रुतून बसली होती ती पट्टी नव्हे, ते हसणे. तिने दुसऱ्यांदा अर्ज केला आणि पाहणी मागितली, तीही भर श्रावणात.

"बाई, खोली तर दिसतेच आहे," राजमहंमदशेट संकोचाने म्हणाले. "तीन बाजूंनी भिंत, चौथीला हा आडोसा. आता आम्ही काय समजावं?"

"आडोसा व्हय?" कस्तुराबाईने कंबरेचा कोयता काढला. "मग बसा की आडोशाला!"

तिने काथ्याच्या गाठी सपासप तोडल्या. ताटी एकीकडे कलली आणि मग सबंधच्या सबंध अंगणात आडवी झाली. त्याबरोबर पाऊस पडवीत शिरला. अध्यक्षांचा अंगरखा चिंब झाला, कारकुनाचे कागद भिजले, रेडकू रेकले. एक सभासद सरपणावर चढून बसला.

"आगं, काय करतीस काय!" रखमाजी ओरडला.

"का भाऊ? भाडं भरलंय न्हवं? ऱ्हावा की मुक्कामाला!"

राजमहंमदशेटांना आधी राग आला आणि मागाहून हसू आले. डोळ्यांतले पाणी पुसत ते कारकुनाला म्हणाले, "लिहा. खोली नाही, पडवी आहे. पट्टी पूर्वीइतकी."

येथे ती थांबती तर सगळेच निभावले असते.

"आज काढली, उद्या पुन्ना लावंल ही," रखमाजी धुसफुसला.

"लावीन की," कस्तुराबाई म्हणाली. तिचा आवाज आता अगदी शांत झाला होता. "समदीच लावत्यात. तुमी बी लावलीया. पर माजी दिवाळीला सुटती. तुमची का सुटत न्हाई, भाऊ?"

रखमाजीचा चेहरा उतरला. शेजारच्या दारात त्याची बायको शालूबाई उभी होती. तिने कस्तुराबाईकडे पाहिले आणि मान किंचित, अगदी किंचित हलवली. नको, असे ती मान सांगत होती. ते कस्तुराबाईने स्पष्ट पाहिले.

रखमाजीच्या ताटीमागे विटांची पक्की भिंत होती आणि भिंतीआड एक खोली होती. उन्हाळ्यात हवा खायला येणाऱ्या पाहुण्यांना ती भाड्याने जाई. तिची पट्टी कधीच लागली नव्हती. पाहुण्यांची ये-जा परसदाराने होई आणि रस्त्याकडून बाराही महिने ताटी तिला झाकून राही. त्या भिंतीचा गारा कस्तुराबाईने स्वतः डोक्यावरून वाहिला होता. शालूबाई तिची जिवाभावाची सोबतीण. तिने हात धरून ही खोली कोणाला न सांगण्याचा शब्द मागितला होता आणि कस्तुराबाईने दिला होता. खोलीच्या भाड्यातून नवरा जे चार पैसे हातावर ठेवी, तेवढेच त्या बाईचे स्वतःचे असत.

"शेट," कस्तुराबाई म्हणाली, "न्याव एकच आसंल, तर ती बी ताटी काढून बघा."

ताटी निघाली. मागे वीट दिसली, खिडकी दिसली आणि दाराला घातलेले पितळी कुलूप दिसले. राजमहंमदशेट एवढेच म्हणाले, "रखमाजी, तुम्ही कमिटीत बसता हो!" चावडीत जे हसले होते त्यांतले काही रस्त्यावर जमले होते. ते पुन्हा हसले. कस्तुराबाईने ते हसणे मान ताठ ठेवून, शेवटपर्यंत ऐकले. तिला ते गोड लागले. लागले नाही असे म्हणणे खोटे होईल.

पाऊस मात्र कोणाच्या बाजूचा नव्हता. तिन्हीसांजेपर्यंत तिच्या भिंतीचा पोपडा सुटू लागला आणि माती ओघळून उंबऱ्याशी आली. तिने जड झालेली ताटी कशीबशी पडवीच्या मेढींना, त्या लाकडी खांबांना टेकवून उभी केली.

परंतु ताटी एकट्याने बांधता येत नाही. एकाने आतून कळकाची, म्हणजे बांबूची, सुई काथ्यासकट पेंढ्यातून बाहेर द्यायची, दुसऱ्याने बाहेरून ती ओढून परत आत द्यायची, अशी ती शिवावी लागते. लग्न होऊन आल्यापासून तिच्या ताटीला बाहेरून शालूबाई असे आणि शालूबाईच्या ताटीला बाहेरून ती.

कस्तुराबाई सुई बाहेर खुपशी, धावत वळसा घालून अंगणात जाई, सुई आत ढकली आणि पुन्हा धावत आत येई. तेवढ्यात काथ्या सैल पडे. पुन्हा तिने सुई बाहेर दिली आणि वळली, तोच सुई आपली आपण आत आली. काथ्या ताणलेला होता.

ती तशीच उभी राहिली. मग सुई पुन्हा बाहेर दिली. ती पुन्हा आत आली.

"शालू?"

बाहेरून काथ्याला एक हिसका बसला.

"शालू, त्यो काय बोलला व्हता त्ये तू ऐकलं व्हतंस. भर चावडीत."

"ऐकलं व्हतं. रातभर भांडले त्याच्याशी." पेंढ्याआडून आवाज आला. "सुई दे."

"मग आता तू बी बोल की. शिव्या दे मला."

"बोलाया न्हाई आले. ताटी बांधाया आलेय. भित पडंल तुजी. सुई दे."

पुढची शिवण दोघींनी भरभर उरकली. शेवटची गाठ बाहेरून बसली. दरवर्षी यानंतर दोघी गूळ तोंडात टाकीत आणि शालूबाईच्या घरी जाऊन तिच्या ताटीचा जुना पेंढा बदलून ती पुन्हा बांधीत. कस्तुराबाईने सवयीने गुळाचा खडा घेतला आणि ती दारात आली. शालूबाई डोक्यावरचे पोते सावरीत निघालीही होती.

"थांब, तुजी बी बांदू की," कस्तुराबाई म्हणाली.

शालूबाई वळली. तिच्या मुद्रेवर राग नव्हता.

"आमाला आता ताटी लागायची न्हाई, कस्तुरा," ती म्हणाली. "समद्यांनी बघितली न्हवं भित."

ती आपल्या दारात शिरली. गुळाचा खडा कस्तुराबाईच्या मुठीत पाघळत राहिला. आत पडवी कोरडी होती आणि रेडकू निवांत रवंथ करीत होते.

त्या दोन्ही घरांत आज कोण नांदत असेल ते असो. त्यांच्या भिंती पावसाळाभर कोरड्या राहोत. आणि आतून दिलेली सुई बाहेर घेणारे कोणी ना कोणी त्यांना सदैव लाभो.