चुन्याची खूण

उमाबाईच्या डोक्यात संशय शिरला की तो पाहुणा म्हणून येत नाही, घरच बांधतो. यंदा तो रामहरीवर बसला होता. बेंबळीजवळच्या तिच्या खव्याच्या भट्टीवर रामहरी कित्येक वर्षं जाळ सांभाळत होता. खवा निघायचा पूर्वीइतकाच, लाकडाची रास मात्र बघता बघता खाली बसायची. मग लाकूड जातंय कुठं? त्याला काय पाय फुटले?

"अगं, इचारून तर बघ त्याला," नवरा शिवशरण म्हणाला.

"चोर कधी व्हय म्हणतो का?" उमाबाई फणकारली.

तिनं गुपचूप प्रत्येक लाकडावर चुन्याचं बोट ओढलं. मग आठवड्यानं ताकाचं निमित्त काढून रामहरीच्या घरी गेली आणि चुलीत डोकावली. चुलीत गवऱ्या. परसात तुराट्या. चुना लागलेलं ढलपंसुद्धा न्हाय. दुसरी शहाणी असती तर गप बसली असती. हिला वाटलं, इकलंच की मेल्यानं!

दुसऱ्या दिवशी दूधवाल्यांदेखत तिनं तोंड सोडलं, "लाकूड कुणाला इकतोस रं?"

रामहरीनं उलथनं कढईच्या काठाला टेकवलं, टॉवेल खांद्यावर टाकला आणि निघून गेला.

मग जाळापाशी उमाबाईच बसली. दूध नुसतं उकळतंय, घट्ट व्हायचं नावच न्हाय. चुन्याची लाकडं एकामागून एक गिळून भट्टी आपली उपाशीच. घामानं लुगडं भिजलं. वैतागून तिनं भिंतीकडच्या कॅनकडं बघितलं आणि तिचा हात थांबला. म्हशी कमी झाल्या म्हणून दिवाळीपासून जर्सी गाईचं दूध तिनंच लावलं होतं. पातळ दुधाचा खवा कमी पडतो म्हणून दोन कॅन जास्तीचे तिनंच वाढवले होते. एवढं पाणी आटवायला जाळ काय आभाळातून येणार होता?

"गळ्यातल्या लिंगाची आण, म्याच आंधळी!" तिनं कपाळावर हात मारला.

राखेच्या हातांनी तशीच ती रामहरीच्या दारात गेली. "चुकलं रं माझं. लाकूड दुधानं खाल्लं. उद्यापासून ये."

रामहरी उंबऱ्यातच उभा राहिला.

"अक्का, खुणेची लाकडं म्याच जाळत हुतो की. पैल्याच दिवशी चुना दिसला. वाटलं, आज न्हाय तर उद्या तुमी मला इचारताल."

उमाबाई राखेचे हात पदराला पुसू लागली.

"जाळाला दुसरा माणूस बघा," तो म्हणाला आणि त्यानं दार लोटून घेतलं.