राजवाड्यातली काथवट

मित्रांनो, मी एक जुनी काथवट आहे आणि माझं डोकं भडकलेलं आहे. माझ्या काठाला सोन्याची पट्टी दिसते, म्हणून मला भाग्यवान समजू नका.

होगलाच्या बापाने बाभळीच्या ओंडक्यातून मला कोरलं. होगला माझ्यात जवाचं पीठ मळायची, पुढे तिची लेक अतारा मळू लागली. अताराच्या भाकरीचं गावभर नाव झालं आणि तिथेच घात झाला. वल्हांडण सणाच्या तोंडावर राजाचा कारभारी एल्यादा दारात येऊन उभा राहिला.

“पोरीला वाड्यावर पाठव, होगला. सणाच्या बेखमीर भाकरी करायला हात कमी पडतायत.”

“परत कधी धाडाल?”

“सण उरकला की लगेच. राजाचा शब्द आहे, बाई!”

होगलाने मलाही लेकीच्या खांद्यावर दिलं. सवयीची काथवट असली की काम लवकर आटोपेल आणि पोर लवकर घरी येईल, असं त्या भोळीला वाटलं.

सण उरकला. अतारा तिथेच राहिली. राजाला तिची भाकर आवडली होती ना! पुढच्या सणाला होगला वाड्याच्या वेशीपाशी येऊन रडली, तर एल्यादा खेकसला, “रडतेस काय? लेक राजाच्या घरचं खाते, मिरव की गावात!”

त्याच मेल्याने राजाला खूश करायला थाप मारली, की पूर्वज मिसर देशातल्या गुलामीतून निघाले तेव्हा हीच काथवट खांद्यावर घेऊन आले. अहो, मी मिसर पाहिलेलंसुद्धा नाही! पण मला सोनं चढलं, दरबारात चौरंग मिळाला. दासी मला रोज तेल चोळतात. अताराचे हात तव्यावर भाजून सोललेत, त्यांना कुणी थेंबभर तेल लावत नाही. माझी चीड चीड होते.

यंदा सणाच्या पंगतीत रिवाजाप्रमाणे घरातल्या धाकट्या लेकराने, येमीमा राजकन्येने, सणाचा अर्थ विचारला. राजाने माझ्यावर हात ठेवला.

“आपण मिसरात गुलाम होतो, बाळ. मरेस्तोवर राबायचो, घरी जाता यायचं नाही. देवाने आपल्याला सोडवलं.”

अतारा भाकरी वाढत होती. येमीमाने तिच्याकडे बोट केलं. “मग हिला कोण सोडवणार, बाबा?”

सगळ्यांच्या नजरा राजाकडे वळल्या. मग राजा हसला, म्हणून सगळे हसले. “राजकन्या फार हुशार हं!” एल्यादा म्हणाला आणि त्याने अताराला आणखी भाकरी आणायला पिटाळलं. ती मान खाली घालून आत गेली.

मित्रांनो, जुन्या वस्तू जपा, असं सांगायची आम्हा वस्तूंची रीत आहे. मी ते सांगणार नाही. हे सोनं ओरबाडून काढा, मला चुलीत घाला, मी केव्हाची वाळले आहे. पण त्या जाळावर अताराला भाकरी करायला बसवू नका. तिची आई वेशीपाशी उभी आहे.