वर सहा, खाली चार

रंगाऱ्याचं काम सुटलं होतं, पण भिंतीकडे बघायची सवय सुटली नव्हती. दुपारी तो बायकोच्या टेबलाशी बसे, समोरच्या भिंतीवर ऊन सरकताना बघत राही आणि या छटेला ती काय म्हणाली असती ते मनात जुळवत बसे. रंग तो कालवायचा, नावं ती ठेवायची. ‘झोपेतून उठलेला पिवळा’. ‘धुऊन वाळलेला पांढरा’. नाव आणि कृती लिहून ती आपल्या वेबसाइटवर एकेक पान चढवायची. लिहायची ते थेट तिथेच. घरी प्रत अशी नव्हतीच. ती गेली, पानं तेवढी राहिली.

त्यातल्या ‘सांजेच्या निळ्या’त एक चूक होती. पांढरा सहा भाग हवा, तिने चार लिहिला होता. कुणीतरी खोली रंगवून कळवलं होतं, की सांज कसली, थेट मध्यरात्र झाली. चूक सुधारायला हवी होती. पण तिचं लिहिलेलं पुसायला त्याचा हात धजत नव्हता.

“पुसायचं कशाला, दाजी?” मेहुणी फोनवर म्हणाली. ती कंप्युटरच्या कामात मुरलेली. “रिपॉझिटरी करू. ती प्रत्येक बदल साठवून ठेवते. नवं लिहिलं तरी जुनं हवं तेव्हा काढून बघता येतं.”

“तुझ्या ताईच्या जागेत मावेल का?”

“ताईचं शेअर्ड होस्टिंग आहे. एका सर्व्हरवर शंभर बिऱ्हाडं. पण आपल्या खोलीत आपण माळा घालू शकतो की.”

ती सांगत गेली, तो एका बोटाने टाइप करत गेला. वेबसाइटच्या फोल्डरबाहेर, लोकांना दिसणार नाही असं ‘माळा’ नावाचं फोल्डर झालं. तीच रिपॉझिटरी. मग सगळी पानं नोंदवून माळ्यावर पाठवली.

“छान. दारावर कुणी आलंय, बघून येते. मग पानं माळ्यावरून खाली उतरवून बघू, की संपलं.”

रंगारी बसून राहिला. ऊन कपाटापर्यंत पोचलं होतं. डोळ्यांवर झापड आली. नवा हात द्यायच्या आधी जुना रंग खरवडायचा, हे त्याच्या हाताला त्याच्याहून चांगलं ठाऊक. त्याच तंद्रीत त्याने वेबसाइटचं फोल्डर उघडलं, होतं नव्हतं ते निवडलं आणि पुसून टाकलं. भिंत साफ. बरं वाटलं.

मग तो माळ्यात डोकावला. तिथे एकही पान नव्हतं. पिवळा नाही, पांढरा नाही. नुसती इंग्रजी नावांची फोल्डरं, त्यांच्या आत अक्षरं-आकड्यांचा भुगा.

त्याची झापड उडाली. पिवळ्यात गेरू किती घालायचा ते त्याला आठवलं. तिने त्याबद्दल काय लिहिलं होतं ते काही केल्या आठवेना.

“हं, बोला दाजी.” मेहुणी फोनवर परत आली.

“अगं, मी भिंत खरवडली.”

“कुठली?”

“ताईची.”

तिला हसू आलं, आणि हसता हसता तिने नाक ओढलं. “ताई म्हणायचीच. ह्यांच्या हाती पातं देऊ नका, पलंगसुद्धा खरवडतील.”

“माळ्यावर काही नाही गं. मी बघितलं.”

“तिथे पानं पानांसारखी नसतात, घडी घालून ठेवलेली असतात. अशा रिपॉझिटरीला बेअर म्हणतात. दिसायला ओकीबोकी, आत सगळं. लिहा आता, मी सांगते ते.”

ती ओळ त्याने फार हळू टाइप केली. फोल्डर पुन्हा उघडलं. पानं होती. पिवळा होता, पांढरा होता. सांजेच्या निळ्यातला चारही तसाच, आणि खाली तिचं वाक्य: ‘हा रंग लावलेल्या खोलीत दिवा लावायची घाई करू नका.’

“दाजी, इथे खरवडायचं नसतं,” मेहुणी म्हणाली. “थरावर थर.”

त्याने चाराचे सहा केले. बदल नोंदवताना मशीनने विचारलं, काय बदललं. तो भिंतीकडे बघत राहिला. ऊन उतरून ती निळसर झाली होती. दिवा न लावताच त्याने लिहिलं: ‘वर सहा. खाली तुझा चार आहे.’