चार तासांची बांधी

"पाय हलवू नका म्हटलं ना!" नर्सबाई तिसऱ्यांदा ओरडल्या.

सत्यशीलाने ओठ दाबून धरले. हातात दोन जाड सुया, रक्त नळीतून डायलिसिसच्या मशीनमध्ये जाऊन परत येत होतं, आणि पाय काही तिचं ऐकेनात. पोटऱ्यांच्या आत काहीतरी वळवळायचं. उठून चार पावलं चाललं की थांबायचं. मागच्या दोन खेपांना ती अशीच उठली, सुई निसटली, मशीन अर्ध्यात बंद करावी लागली. आजही चार तास पुरे झाले नाहीत तर पाळी दुसऱ्याला देऊ, असं डॉक्टरांनी सुनावलं होतं. सत्त्याऐंशी साली नागपुरातही अशा मशीन बोटांवर मोजण्याइतक्या होत्या.

"घाबरली बिचारी," शेजारच्या खाटेवरून कोणीतरी म्हणालं.

पायथ्याशी बसलेल्या तिच्या नणंदेला, रुखमाला रागच आला. सत्यशीला आणि घाबरणार? सावली गावाजवळच्या त्यांच्या खेड्यात वीस वर्षं दोघी एकाच ओळीत धानाचे पऱ्हे, म्हणजे भाताची रोपं, लावत आल्या होत्या. सत्यशीला ओळीत असली की बाकीच्या बायकांना पाठ सरळ करायला सवड मिळत नसे. काय दिवस होते ते!

"वयनी, चिखलात कधी वळवळले का वं तुये पाय?"

"चिखलात? कधीच नाई."

रुखमाने पंचा गार पाण्यात भिजवला, तिच्या गुडघ्यांपर्यंत गुंडाळला आणि दोन्ही तळवे हातांत घट्ट धरले.

"डोळे मिट. बोडीच्या पाण्याखालची मोठी बांधी हाय. चाल मागं."

बांधीत, म्हणजे भाताच्या खाचरात, रोवणी मागे सरकतच करायची असते. रुखमा एकदा उजवा तळवा दाबी, एकदा डावा.

"पाणी जास्त हाय वं," डोळे मिटूनच सत्यशीला म्हणाली. "पऱ्हे तरंगतीन."

"तं खोल लाव."

"मंगली मागं राह्यली."

"राहू दे. तिचे हात कमी अन् तोंडच जास्त चालते."

सत्यशीला खुदकन हसली. नर्सबाई धावत आल्या, पाय स्थिर बघून परत गेल्या. तिसऱ्या तासाला त्यांनीच गार पाण्याचं भगोणं आणून ठेवलं.

चार तास पुरे झाले. सुया निघाल्या, तरी रुखमाची आखडलेली बोटं सुटेनात. उद्या तिला गावी परतायचं होतं. पऱ्हे जून होत चालले होते; रोवणी लांबवून चालणार नव्हतं.

"शुक्रवारच्या पाळीला कोन धरन तुये पाय?" रुखमाने विचारलं.

"तू तिथी लाव, मी इथी लावतो. जाय."

शुक्रवारी बायका बांधीत उतरल्या. रुखमाशेजारची सत्यशीलाची जागा कोणी घेतली नाही. रुखमा आपलीही ओळ लावत होती, तिचीही. मंगलीने पाणी प्यायला दोनदा हाक मारली. नागपुरातले चार तास पुरे होईपर्यंत रुखमा बांधाच्या धुऱ्यावर चढली नाही.