काचेवरचं कुंकू

मी एक जुनी मशीन आहे. माझं वय चार वर्षं. मित्रांनो, हसू नका. आमच्यात चौथ्या वर्षी सुटे भाग मिळेनासे होतात आणि सहाव्या वर्षी लोक 'तिच्या काळात' असं बोलू लागतात.

माझा जन्म पुण्याजवळच्या एका कारखान्यात झाला. मला एक लांब पट्टा आहे, त्यावर कॅमेऱ्याचा एक डोळा आहे आणि बाजूला हवेच्या नळ्या आहेत. पट्ट्यावरून कचरा सरकतो, डोळा तो ओळखतो आणि नळी फुंकर मारून प्रत्येक वस्तू तिच्या डब्यात उडवते. परभणी जिल्ह्यातल्या एका गावाबाहेर, जिंतूरच्या रस्त्यालगत, पत्र्याच्या शेडमध्ये मला बसवलं. उद्घाटनाला हारतुरे इतके आले, की पहिल्या दिवशी मी फक्त तेच निवडले.

त्याआधी तिथं बारा बाया हातानं कचरा निवडत. मी आले आणि आठ जणी कमी झाल्या. उरलेल्या चौघींत बायनाबाई थोरली. तिच्यापुढे एक पडदा आणि काही बटणं होती. माझं चुकलं की तिनं योग्य डब्याचं बटण दाबायचं, म्हणजे पुढच्या वेळी मी चुकणार नाही. आणि मी फार चुकत असे. मोठ्या शहराचा कचरा दाखवून मला शिकवलं होतं. पळसाची पत्रावळ मला पुठ्ठा वाटली. नवरात्रातल्या कडकण्या मी प्लास्टिकची झाकणं समजून उडवल्या.

"अगं पोरी, ते खायाचं असतंय," बायनाबाई बटण दाबत म्हणाली. "शिकून आलीस का शाळंतून पळून आलीस?"

थोडं कौतुकही वाट्याला आलं. उताऱ्याचं, टाचण्या टोचलेलं लिंबू पट्ट्यावर आलं की बाया चार पावलं मागं सरत. मी ते बेधडक उडवत असे. "हिला कायबी बाधत न्हाई बघा," चौघींत धाकटी असलेली मनकर्णा म्हणायची. तिच्या आवाजात थोडा हेवा होता.

तीन वर्षांत मी बरीच सुधारले. मग ठरलं, की दसऱ्यानंतर माझी तपासणी करायची. शंभरातल्या नव्वद वस्तू मी बिनचूक ओळखल्या, तर या चौघींचीही गरज नाही.

"मावशी, तिला लय शिकवू नगा," मनकर्णा म्हणाली. "आपलीच जागा द्यायलाव तिला."

"मंग काय चुकीचं बटन दाबू? बोटच उचलत न्हाई माय."

खंडेनवमीला अवजारांची पूजा असते. बायांनी खराटे धुतले, फावडी धुतली, मलाही पुसून काढलं. कपाळ नेमकं कुठं ते न समजून बायनाबाईनं माझ्या डोळ्याच्या काचेवरच कुंकवाची दोन बोटं ओढली. मला सगळं जग लाल दिसू लागलं. लाल म्हणजे धोक्याचा कचरा, हे मला पाठ होतं. तपासणीच्या दिवशी मेथीच्या काड्यांपासून पाण्याच्या बाटलीपर्यंत सगळं मी धोक्याच्या डब्यात उडवलं. मला शंभरात एकतीस मिळाले.

मुकादम बन्सीधरनं पुण्याच्या अभियंता प्रियदर्शनी मॅडमना फोन लावला. फोन ठेवून तो म्हणाला, "मॅडम म्हनल्या काचंला काही लागलंय का बघा. न्हाई तर मशीन भंगारात काढा."

तो चहाला गेला. मनकर्णा हळूच म्हणाली, "ऱ्हाऊ द्या मावशी. जाऊ द्या तिला भंगारात."

बायनाबाई माझ्यासमोर येऊन उभी राहिली. एरवी रोज सकाळी तीच काच पुसायची. पूजेचं कुंकू मात्र कुणी पुसत नाही, म्हणून तिनं ते तसंच ठेवलं होतं. तिचं स्वतःचं कपाळ मोकळं होतं.

"मह्या येळंला दुसऱ्यांनी पुसलं," ती म्हणाली. "आता हिचं मला पुसायला लावायलेत."

"मंग नका ना पुसू."

"आन् पुन्ना सुया-काचा हातानं उचलायच्या? हिनं तरी काय केलं गं? शिकवलं तेवढं शिकली."

तिनं पदराचं टोक ओलं केलं. काच साफ झाली आणि समोर ती दिसली. सवयीनं मी तिचा डबा शोधला. सापडला नाही.

फेरतपासणीत मला ब्याण्णव मिळाले. चौघींना कामावरून कमी करायचं ठरलं. तेव्हा प्रियदर्शनी मॅडमनी कळवलं, की इथला कचरा सणागणिक बदलतो, शिकवणारं एक माणूस तरी ठेवा. शेड चालवणाऱ्या कार्यालयानं पुष्कळ विचार केला. मशीनला शिकवणारी, असं पद मंजूर नव्हतं. माझ्या सुट्या भागांच्या यादीत मात्र एक ओळ रिकामी होती. आता तिथं पट्टा, नळी आणि गाळणीच्या खाली लिहिलं आहे: 'काच पुसणारी, नग एक.'

"नग तर नग," अंगठा उठवत बायनाबाई म्हणाली. "पट्ट्यासारकं दर साली बदलू नगा म्हंजे झालं."

मनकर्णा दिवाळीनंतर ऊसतोडीला गेली. जाताना शेडवरून गेली, पण आत आली नाही. बायनाबाई दारापर्यंत गेली आणि परत येऊन बटणांपुढे बसली.

मित्रांनो, शंभरातल्या आठ वस्तू मी अजून चुकते. त्या बायनाबाई हातानं उचलते. म्हणून एकच मागते. घरात ग्लास फुटला, तर तुकडे पिशवीत तसेच सारू नका. जाड कागदात गुंडाळा, वर सुतळी बांधा आणि गाडीवाल्याच्या हाती वेगळे द्या. माझं चुकलं तर टक्का घसरतो. तिचं चुकलं तर बोट कापतं, आणि तो भाग कुठल्याच यादीत मिळत नाही.